एक रात्र ठेवलेलं पाणी

बर्नादेतबायने जन्मभर मासळी कापली. बांगडे चिरायचे, मीठ भरायचं, अंगणात वाळवायचे आणि बांद्याच्या आठवडी बाजारात नेऊन विकायचे, हा तिचा धंदा. आरोंद्यात तिचं आणि आमचं घर लागून आहे, मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मी इथली अंगणवाडी सेविका. सकाळी माझी पोरं यायच्या आधी गडग्यावरून तिची हाक येते, "मथुरा, उठलंस गो?" मी तासाभरापूर्वी उठलेली असते, तरी "आत्ताच" म्हणते. हे वीसेक वर्षं चाललंय.

विळीवर बसली की तिचा हात असा चालतो की बघणाऱ्याला वाटावं मासा आपणहून उघडतोय. त्याच बाईला मी गेल्या कार्तिकात बोटाच्या पेराएवढ्या माशासाठी जमिनीवर बसून रडताना बघितलं. ते कसं झालं ते लिहिते. तिला विचारून लिहिते. "लिही," ती म्हणाली, "पण माका बरी करून दाखवू नको."

तिचा नवरा प्लासिद गोव्यात एका बेकरीत भट्टीवर होता. गुडघे गेल्यावर घरी आला. मुलगा एकच, क्लाइव्ह. बारावी झाला आणि बोटीवर लागला. मोठी प्रवासी बोट, हजारो माणसांची, तिच्यात खाली कपडे धुण्याचं काम. चार वर्षं जात-येत होता. पाचव्या वर्षी मधेच परत आला आणि पुन्हा गेला नाही. तिथे काय झालं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. आधी सांगत नव्हता, मग बोलायचाच थांबला. दुपारी तीनला उठायचा, ताटातलं दोन घास खायचा, दार लावून घ्यायचा. लहानपणी माझ्या अंगणवाडीत याच पोराला मी "अरे बाबा, जरा गप बस" म्हणून हात जोडायची.

एका पहाटे खाडीवर जाळं टाकायला गेलेल्या माणसांनी त्याला पाण्यातून हाताला धरून घरी आणलं. कपडे छातीपर्यंत भिजलेले. बर्नादेतने त्याचं अंग पुसलं, गरम पेज दिली आणि त्याला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी तिने काढून टाकली. सावंतवाडीच्या डॉक्टरांची औषधं सुरू झाली. ते म्हणाले होते, औषध आपलं काम करेल, पण याला सकाळी उठायला काहीतरी कारण हवं.

ते कारण त्यानेच शोधलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही मागितलं. "माय, माका माशांची काचेची पेटी व्हयी."

प्लासिद दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन सावंतवाडीला गेला. तिथे तळ्याच्या बाजूला सर्वेशचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. दोन फुटांची पेटी आली, रेती आली, हवेचे बुडबुडे सोडणारी मोटर आली. मासे आले चौदा. सहा गप्पी, चार काळ्या मॉली, दोन केशरी तलवारशेपट्या, दोन चपटे एंजल. आणि दोन पिवळे शंख, काचेवरून हळूहळू सरकणारे.

गावाला हसायला विषय मिळाला. हौसाबाई आमच्या वाडीची, नवऱ्याचं होडकं आहे, तोंड तिखट. ती गडग्याजवळ उभी राहून विचारायची, "गो बर्नादेत, ते मासे खारवतंस कधी? बांद्याच्या बाजारात पयलो गिराईक मी!"

बर्नादेत म्हणायची, "तुका परवडाचे नाय गो. एकेक मासो जेवता तुझ्यापेक्षा जास्त."

पण घरात ती त्या पेटीजवळून चालताना पाय हलके टाकायची. क्लाइव्ह सातला उठायला लागला होता, कारण पेटीतला दिवा सातला लावायचा. उठला की दात घासायचा, दात घासले की चहा घ्यायचा. मला एकदा ती म्हणाली, "तो माशांसाठी उठता, मी तेच्यासाठी उठतंय. मासे कोणासाठी उठतत काय म्हायत."

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी औषध बदलायचं ठरवलं. त्यासाठी त्याला गोव्याच्या एका हॉस्पिटलात पंधराएक दिवस नजरेखाली ठेवायला हवं होतं. प्लासिद सोबत राहणार. क्लाइव्ह नाही म्हणत होता आणि नाही म्हणायला त्याच्याकडे एकच कारण होतं, मासे. बर्नादेत म्हणाली, "मी आसंय मां?"

निघायच्या आदल्या दिवशी त्याने वहीचं पान फाडून पेटीच्या काचेवर चिकटवलं. अक्षर सुंदर, शाळेत होतं तसंच. बर्नादेत चौथी शिकलेली, तिला वाचता येतं, पण खात्री हवी म्हणून तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सकाळी दहा दाणे आणि संध्याकाळी दहा दाणे, हात जड करू नये. दिवा सातला लावायचा, पाचला बंद. रविवारी चौथा हिस्सा पाणी काढून नवीन घालायचं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, म्हणून ते एक रात्र ठेवून मगच घालायचं. काही झालं तर सर्वेशला फोन, खाली नंबर.

शुक्रवारी रिक्षा दारात आली. क्लाइव्ह पेटीसमोर उभा राहिला, मग आईचा हात धरून म्हणाला, "मी परत येयसर जगव तेंका, माय. मगे मी बघतंय."

रिक्षा वळणाआड गेली तरी ती तिथेच उभी होती. मला म्हणाली, "आयकलंस मां? ते जगले तर तो जगतलो."

मी म्हटलं, "असां खंय बोललो तो?"

"तू आयकूक नाय. मी आयकलंय."

शनिवारी संध्याकाळी तिने पाण्याची तयारी केली. तिच्या चुलीजवळ तांब्याचा हंडा आहे, आईने लग्नात दिलेला. दर शनिवारी तो घासून लख्ख करायचा हा तिचा नेम. आमच्याकडे तांबं घासायला चिंचेपेक्षा कोकमाची सोलं बरी, आणि सोलं तिला माझ्याकडून जातात. त्या दिवशी मी मूठभर जास्तच दिली. तिने हंडा असा घासला की सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या तसबिरीपुढच्या मेणबत्तीची ज्योत त्यात दिसायला लागली. मग नळाचं पाणी फडक्याने गाळून काठोकाठ भरलं, वर ताट झाकलं.

बादल्या घरात तीन होत्या. पण तिन्ही मासळी धुवायच्या. "तेंका मेलेल्या माशांचो वास येतलो," ती मला म्हणाली. "तेंच्याच जातीचो. कसां वाटात तेंका?"

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

रविवारी चर्चमधून, मिस्सावरून आल्यावर तिने पानात लिहिल्याप्रमाणे चौथा हिस्सा पाणी काढलं आणि हंड्यातलं, एक पूर्ण रात्र ठेवलेलं पाणी तांब्या-तांब्याने घातलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

सोमवारी सकाळी दोन्ही शंख काचेवरून सुटून रेतीवर पडलेले होते. आम्ही खाडीकाठची माणसं. शंख-शिंपले पोरांच्या खिशात असतात. शंख पडलेला बघून कोण घाबरतो? तिला वाटलं झोपलेत. मंगळवारी पाणी किंचित धुरकट झालं आणि वास यायला लागला, तेव्हा तिने ते शंख काढून टाकले. त्याच दिवशी मॉली वर येऊन तोंडं उघडून हवा घ्यायला लागल्या. एंजल एका कोपऱ्यात, पंख मिटून. बुधवारी सकाळी पाणी पेजेसारखं पांढरं. पलीकडची भिंत दिसेना.

गडग्यावरून त्या दिवशी "उठलंस गो" आलं नाही. "मथुरा, ये," एवढंच आलं.

मी सर्वेशला फोन लावून दिला. तो म्हणाला, "घाबरू नकात काकी. शंख कुजले, म्हणान पाणी फुटला. होता तसां. दाणे बंद करा दोन दिवस. रोज थोडां थोडां पाणी बदला. पाणी ठेवलेलां घालतास मां?"

"एक रात्र पुरती ठेवतंय," ती म्हणाली.

"मगे झाला तर. बदलत ऱ्हवा."

तिने बदललं. बुधवारी संध्याकाळी बदललं, गुरुवारी सकाळी बदललं. हंडा रोज रिकामा, म्हणून रोज घासायचा. पाणी एवढं स्वच्छ हवं तर भांडंही हवं, नाही का? सोलं संपली तशी मी आणखी आणून दिली. 

गुरुवारी दोन गप्पी मेले. अंगावर पांढरी बुरशी नाही, जखम नाही. कल्ले तेवढे लालबुंद आणि उघडे. बर्नादेतने कल्ले उघडून लाखभर मासे बघितलेत, ताजा की शिळा ते कल्ल्यांवरून सांगते. ती बोटावर तो इवलासा मासा घेऊन उजेडात बघत राहिली. "ताजो आसा गो," म्हणाली. "इतको ताजो मासो मरता कसो?"

रोज साडेसहाला प्लासिदचा फोन यायचा. आधी तो बोलायचा, डॉक्टर काय म्हणाले, जेवला किती. मग फोन क्लाइव्हकडे. तो एकच शब्द बोलायचा.

"मासे?"

"बरे आसत रे," ती म्हणायची. "खातत. धावतत."

फोन ठेवला की पदराने तोंड पुसायची, घाम आल्यासारखं.

शुक्रवारी मी अंगणवाडीतून अर्धा दिवस घेतला आणि आम्ही दोघी एसटीने सावंतवाडीला गेलो. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली, पेटीतलं पाणी भरलेली, दोन्ही हातांनी धरलेली. कंडक्टरने विचारलं, "तीर्थ काय काकी?" तिने बाटली आणखी घट्ट धरली. एरवी तिने त्याला दोन सुनावल्या असत्या.

सर्वेशने पाण्यात पट्टी बुडवून रंग बघितला. म्हणाला, "थोडां खराब आसा, पण इतक्यान मासे मराक नको." त्याने निळं औषध दिलं, जाडं मीठ किती घालायचं ते सांगितलं. पाणी मात्र बदलतच राहायचं. बर्नादेत त्याला म्हणाली, "बाबा, माका खरां सांग. जगतले?" तो पोरगा तीस-बत्तीसचा. त्याने तिच्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोलणं त्याला जमलं नाही. "क्लाइव्हाचे मासे आसत, मी येवन बघतंय काकी. सोमवारी दुकान बंद आसता, तेव्हा."

शनिवार-रविवार. तिने दोन्ही दिवस दोनदा पाणी बदललं. निळ्या औषधाने पाणी शाईसारखं झालं, आत मासे आहेत की नाहीत ते हात घालूनच कळायचं. शनिवारी एक तलवारशेपटी, तीन गप्पी आणि एक मॉली. रविवारी उरलेला गप्पी, अजून एक मॉली आणि एंजलांतला एक. ती मिस्साला गेली नाही. तिला इतक्या वर्षांत रविवार चुकलेला मला आठवत नाही. पेटीसमोर गुडघे टेकून बसली होती, हातात रोझरीची माळ आणि ओठ चाललेले. मला बघून म्हणाली, "तुझ्या सातेरीकय सांग गो. माझी सायबीण आयकणा नाय."

मी देवीच्या देवळात गेले. मागायला गेलं की मला बोलता येत नाही. हात जोडून उभी राहते, तिला माहीत असतं. त्या दिवशी मात्र मी मोठ्याने म्हटलं, एक तरी ठेव.

परत आले तेव्हा तिने तो मेलेला एंजल हातात घेतलेला. जमिनीवर पाय पसरून बसलेली, रडत होती. "मी किती मासे मारलंय गो आजवर. तेचोच हो हिशोब."

मला राग आला. "गप ऱ्हव. देव असो हिशोब करणा नाय," मी म्हटलं. आणि मग जे चार दिवस तोंडावर होतं ते बोलले, "क्लाइव्हाक विचारूया काय? तेका कळता सगळां."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मी तिच्या पोराला मारायला निघाले होते. "पिसां लागलां तुका? तेका सांगतलंय, मासे मरतत? तो थंयसूनच खाडीत जातलो."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सोमवारी सर्वेश मोटरसायकलवरून आला. उन्हातून आल्यामुळे लाल झालेला. बर्नादेतने आधी त्याला बसवलं. पेटी वाट बघते आहे, मासे मरताहेत, तरी घरी आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी, हे तिला कुणी सोडायला सांगू शकत नाही. हंड्यावरचं ताट सरकवलं, तांब्या बुडवला, पेला भरून दिला.

त्याने एका दमात अर्धा पेला संपवला. "पाणी काय गोड आसा, काकी."

"रात्रभर तांब्याच्या भांड्यातलां मां," ती म्हणाली. तेवढ्या दुःखातही तिला बरं वाटलं. "माझ्या आवशीचो हंडो. माशांकय ह्याच घालतंय."

पेला त्याच्या तोंडापाशी थांबला.

त्याने मान वळवून हंड्याकडे बघितलं. हंडा आदल्या रात्री घासलेला, आतूनही गुलाबी, नुकताच घडवल्यासारखा. मग पेटीकडे बघितलं.

"काकी," त्याचा आवाज बदलला. "दोन शंख होते मां पेटीत? ते कधी गेले?"

"ते पयले गेले. पाणी घातलंय तेच्या दुसऱ्याच दिवशी."

त्याने पेला खाली ठेवला. मला वाटलं तो उठून जाईल. तो तिच्या जवळ खाली बसला आणि हळू बोलला, लहान पोराला सांगतात तसं. तांब्याचं पाणी माणसाला चालतं. माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही, शंखांना तर अजिबात नाही. भांडं काळवंडलेलं असतं तर कदाचित थोडं कमी उतरलं असतं. पण आंबट लावून रोज घासलेलं, आणि आपल्याकडचं पाणी असं मऊ, ते रात्रभर तांबं खात बसतं.

"म्हणजे," बर्नादेत म्हणाली, "जितक्या येळा मी पाणी बदललंय..."

सर्वेशने पेला आणखी बाजूला सरकवला.

"आणि सोलां?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

त्यानंतरचं सगळं त्याने केलं. मी माझ्या घरची नवी प्लास्टिकची बादली आणली, कपड्यांसाठी घेतलेली, अजून न वापरलेली. त्याने सोबत वीस लिटरच्या बाटलीत दुकानातलं पाणी आणलं होतं. निळ्या पाण्यातून हाताने चाचपून मासे काढले. जिवंत चार निघाले. दोन मॉली, एक एंजल, एक तलवारशेपटी. मोटरची नळी बादलीत सोडली. पेटी रिकामी करून, रेती काढून, पालथी घातली.

जाताना तो दारात घुटमळला. "काकी, माझ्याकडे सगळे आसत. अशेच. पेटी धुवन, शुक्रवारी चौदाच्या चौदा आणून सोडतंय. तेका कळाचा नाय."

मी म्हटलं, "आण. आण बाबा." देवीची शपथ, मी म्हटलं.

बर्नादेत पालथ्या पेटीकडे बघत होती. "ते जगतले?"

"काचेक, मोटरीच्या स्पंजाक लागलेलां सगळां जाता काय, ता..." सर्वेश अडखळला. "सांगाक येणा नाय."

"मगे तेच्या डोळ्यांदेखत मरतले," ती म्हणाली. "नको."

मंगळवारी एंजल गेला. गुरुवारी तलवारशेपटी आणि एक मॉली. साडेसहाचा फोन रोज येत होता. "मासे?" "बरे आसत." शुक्रवारी तिने हा शब्द उच्चारला तेव्हा बादलीत एकच काळी मॉली उरली होती, तीही तिरकी.

शनिवारी दुपारी ते येणार होते. सकाळपासून तिने मला बसवून घेतलं. भात केला, सोलकढी नाही केली, सोलांना हात लावायला दोघीही तयार नव्हतो. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. "तो इलो की पयलां काय सांगू? सुरुवात कशी करू?" मी अंगणवाडीत पन्नास आयांना वाईट बातम्या दिल्यात, वजन कमी आहे, तालुक्याला न्या. मला सुरुवात सुचली नाही.

रिक्षा आली. प्लासिद लंगडत उतरला. क्लाइव्हने स्वतः बॅग घेतली होती. गालावर थोडं मांस आलेलं, दाढी केलेली. "मथुराकाकी," असं त्याने मला नावाने म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. बर्नादेतचा चेहरा बघवेना.

तो सरळ आत गेला. रिकामी पेटी भिंतीला लावून ठेवलेली, काचेवर अजून त्याचं पान.

"खंय गेले?"

तिने एका श्वासात सगळं सांगितलं. हंडा, शंख, निळं औषध, सावंतवाडी, सर्वेश, बादलीचा वास. मधे थांबली नाही, रडली नाही. शेवटी म्हणाली, "मीच मारलंय. माझ्याच हातान. बोल माका कायतरी. मार."

प्लासिद दारात, हातात अजून चपला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

क्लाइव्हने वाकून पेटीच्या काचेला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "शंख कधी मेले?"

"सोमवारी. पयल्या सोमवारी."

"मी रोज विचारी होतंय, माय."

तिने काचेवरच्या पानाकडे बघितलं.

"शंख पडले इतक्याच सांगलं असतंस, तर मी पयलां विचारलं असतंय, पाणी कशात ठेवतंस." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी लिवक व्हया होतंय, कशात ठेवूचा ता. ती चूक माझी. पण तू माका विचारूकच नाय."

"तुका तरास होयत म्हणान रे..."

"माका म्हायत आसा, कित्या विचारूक नाय."

तो त्याच्या खोलीकडे वळला. बर्नादेतने माझं मनगट धरलं, नखं रुतली. कडी नव्हती, पण दार ढकलून लावायला कडी लागत नाही. तो दारात पोचला, तिथे मॉलीची बादली होती. वाकून बघितलं. मग बॅग खाली ठेवली आणि बादलीजवळ जमिनीवर बसला.

जेवायला उठला नाही. दारही लावलं नाही. संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा तो तिथेच होता आणि ती चुलीजवळ, मधे सात-आठ हात जमीन.  मी दिवा लावला आणि देवीपुढे बसले, पण काय मागावं ते मला कळेना. एक मासा मागितला होता, तो तिने ठेवला होता.

ती मॉली पाच दिवस जगली. तेवढे दिवस क्लाइव्ह सातला उठत होता. संध्याकाळी नळाला पाणी आलं की माझ्या घरून नेलेल्या दुसऱ्या नव्या बादलीत भरून ठेवायचा, सकाळी त्यातलं वाटीभर पाणी तिला घालायचा. आईशी बोलत नव्हता. ती काही विचारत नव्हती. हंडा चुलीजवळ काळा पडत चालला होता, त्याला कोणी हात लावला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी गडग्याशी उभी होते. बर्नादेत अंगणात बांगडे पालटत होती. क्लाइव्ह मागच्या दाराने बाहेर आला, ओंजळ मिटलेली. मला वाटलं, आता हा पुन्हा दार लावून घेणार. 

तो तिच्यासमोर उभा राहिला. "माय, मेली गो ती. पहाटे. तुका उठवक नाय, पण आता सांगतंय."

तिने त्याची ओंजळ आपल्या खाऱ्या हातात घेतली. विळी चालवणारा तो हात मी एवढा हळू कधी बघितला नव्हता. दोघांनी ती पेरूच्या बुंध्याशी पुरली. तो रडला. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा रडला, आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मी आत जायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत.

मग ती उठली. दारात आदल्या संध्याकाळची बादली होती, भरलेली, वर ताट झाकलेली. आता ती कशाला हवी, असं तिला वाटलं असेल. ती बादली उचलून पेरूला ओतायला निघाली.

"ओतू नको," क्लाइव्ह बसल्या जागेवरून म्हणाला. "ऱ्हवांदे आजची रात. सकाळी लागतलां माका."

तिने बादली होती तिथे परत ठेवली आणि ताट नीट झाकलं.